बारा लेखांपैकी अकरा

माझी बॅग कापसाच्या काट्यावर मोजली होती. अल्लीपूरला आमच्या घरापासून चार घरं सोडून एकजण कापूस घ्यायचे, त्यांचा तो काटा. नितीननं, माझ्या धाकट्या भावानं, बॅग उचलून त्यावर ठेवली आणि आकडा सत्तावीसवर थांबला. विमानात तेवीस किलोच चालणार होते. मग तिथंच, कापसाच्या ढिगाशेजारी, आम्ही बॅग उघडली. स्वेटर काढले आणि परत ठेवले, कारण ते लागणारच होते. सुभद्राआत्यानं, बाबांच्या मोठ्या बहिणीनं, पवनारहून पाठवलेली लोणच्याची बरणी होती. वाळवलेले गव्हाचे सरगुंडे होते, घरचं तिखट होतं. आणि अगदी तळाशी बाबांनी मला न सांगता चार जाड वह्या जुन्या धोतरात बांधून ठेवल्या होत्या. माझ्या आजोबांच्या, आबाजींच्या वह्या.

मी त्या काढल्या. लोणचं राहू दिलं.

बाबा बाजूलाच उभे होते. "राहू दे," म्हणाले, "पुढच्या बारीले नेजो." धोतराची सुटलेली गाठ त्यांनी पुन्हा नीट बांधली, गाठोडं काखेत घेतलं आणि घराकडं चालू लागले. नागपूरच्या विमानतळापर्यंत ते गाडीत पुढं बसून आले. दारावरच्या पोलिसानं त्यांना आत सोडलं नाही, तेव्हा म्हणाले, "पोचली का फोन करजो." मला वाटलं होतं मी रडेन. आई आधीच गेली होती, घरात मागं बाबा आणि नितीन दोघंच राहणार होते. पण मी पासपोर्ट कुठल्या खिशात आहे तेच चाचपत राहिले. आत गेल्यावर वळून पाहिलं तर काचेवर उजेड पडला होता आणि पलीकडचं काही दिसत नव्हतं.

हे पुस्तक वाचणाऱ्या आपल्या माणसांतले जे गाव सोडून गेले, कुणी पुण्याला, कुणी सुरतेला, कुणी माझ्यासारखे समुद्रापलीकडं, त्यांना हे ठाऊक आहे. जाताना फार काही वाटत नाही. कामं असतात.

मी आयर्लंडमध्ये नर्स आहे. पश्चिमेकडचं लहान गाव, समोर खाडी, आणि एका टेकडीवर म्हाताऱ्या माणसांचं नर्सिंग होम. सकाळी आठला हँडओव्हर, मग मेडिसिन राउंड, मग केअर प्लॅन भरायचे, मग जेवणं. आमच्या इथं कुणी वारलं की त्या खोलीची खिडकी थोडी उघडतात. आत्म्याला वाट म्हणून, असं इथली माणसं म्हणतात. पहिल्यांदा मला ते चमत्कारिक वाटलं. मग मीच उघडू लागले. खिडकी उघडायची, वेळ लिहायची, घरच्यांना फोन करायचा. बारा वर्षांत किती खिडक्या उघडल्या ते मी मोजलं नाही.

बाबा दर रविवारी फोनवर बोलायचे. पंचायत समितीत कारकून होते ते, हिंगणघाटला. निवृत्त झाले तरी बोलणं तसंच, मुद्द्याला मुद्दा. पाऊस कसा आहे, तुरीला शेंगा किती, तुझी पोरगी काय करते. आणि शेवटी, "वह्या कवा नेशीन?"

"पुढच्या वेळी नेते, बाबा."

दोनदा गावी गेले आणि दोनदाही नेल्या नाहीत. एकदा विसरले. एकदा विसरले नव्हते, पण पोरगी लहान होती, तिचंच सामान फार होतं. 

ते गेले तेव्हा आमच्याकडं सकाळचे साडेदहा वाजले होते. मी औषधांची गाडी घेऊन कॉरिडॉरमध्ये होते. नितीनचा फोन आला. "बाबा गेले," एवढंच म्हणाला. मागं बायांच्या रडण्याचा आवाज होता. मी म्हटलं, मी पाच मिनिटांत करते फोन. आणि उरलेल्या सहा जणांना औषधं दिली, चार्टवर सह्या केल्या, गाडीला कुलूप लावलं. मग मॅनेजरला सांगितलं. ती चांगली बाई आहे. तिनं माझा हात धरला, म्हणाली, आत्ता निघ, ड्यूट्यांचा रोटा मी बघते. तिनंच तिच्या कॉम्प्युटरवर विमानं पाहिली. दुपारचं एक होतं. जागा होती. निघाले असते तर दुसऱ्या दिवशी दुपारी, फार तर चारपर्यंत, अल्लीपूरला पोचले असते.

मी नितीनला फोन केला. त्यानं विचारलं, "थांबवू का बाबाले? बर्फाची पेटी आणली हाये."

मी म्हटलं, "नको थांबू. तिकीट नाही भेटत आहे."

असं का म्हटलं ते मला तेव्हा कळलं नाही आणि आताही नीट सांगता येत नाही. माझ्या छातीत काहीच हलत नव्हतं. सगळा गाव माझ्याकडं बघेल आणि माझ्या डोळ्यांत पाणी नसेल, याची भीती वाटली असेल. किंवा नुसती दमले असेन. दुसऱ्या दिवशी मी कामाला गेले. मॅनेजरला सांगितलं, विमान चुकलं. दोन माणसांना दोन खोट्या गोष्टी सांगितल्या आणि दोघांनीही त्या मानल्या.

त्यानंतर दोन वर्षं मी गावी गेले नाही.

मग एका रविवारी नितीननं सांगितलं की मागची खोली पाडून तिथं स्लॅब टाकणार. तिथली पत्र्याची पेटी बाहेर काढली तर खालून वाळवी लागलेली. पेटीत धोतरात बांधलेल्या वह्या होत्या, एका वहीचा पुठ्ठा गेला होता. "काय करू यायचं?" त्यानं विचारलं. रागानं नव्हे, खरंच विचारत होता. तो शेती करतो, पेरणी तोंडावर होती, वह्यांचं काय करायचं ते त्याला कळत नव्हतं.

मी म्हटलं, उन्हात नको ठेवू, सावलीत वाळव. आणि एकेका पानाचा फोटो काढून पाठव.

त्यानं पाठवले. आठवडाभर रोज संध्याकाळी वीस-पंचवीस फोटो यायचे. प्रत्येकाच्या कोपऱ्यात त्याचा अंगठा, नखात माती. काही फोटोंत मागं कोंबडी. मी सुट्टीच्या दिवशी टेबलावर लॅपटॉप उघडून ते टाइप करायला बसायचे.

आबाजींबद्दल दोन शब्द सांगते, कारण तुमच्यातल्या धाकट्यांना त्यांचं नुसतं नाव ठाऊक आहे. डोमाजी. मी चार वर्षांची असताना ते वारले. त्यांच्या तरुणपणी गावकीची कामं आपल्या लोकांकडं होती. दवंडी द्यायची, निरोप न्यायचे, मेलेली ढोरं ओढायची. धम्मदीक्षा घेतली त्या वर्षी आपल्या वस्तीनं ती कामं सोडली. आबाजी हिंगणघाटच्या जिनिंगमध्ये, कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, हंगामाला जाऊ लागले, आणि तिशी उलटल्यावर वस्तीतल्या संध्याकाळच्या वर्गात बसून लिहायला शिकले. त्यानंतर त्यांनी जे मनात आलं ते लिहिलं. गोष्टी नाहीत, कविता नाहीत. एकेका विषयावर दहा-दहा, बारा-बारा पानं. पहिली चप्पल. जिनिंगमधला आवाज. विहीर. बायको रागावली तो दिवस. असे बारा लेख.

पहिल्याच लेखात लिहिलं आहे: "मी पहिल्यांदा माह्यं नाव लिवलं तवा ते मले लय लहान दिसलं. इतल्या लहान नावाले लोक इतल्या मोठ्यानं हाका काऊन मारत होते?"

आणि एक लेख गिरडच्या डोंगरावर. दर्ग्याला त्यांच्या आईचा नवस असायचा, लहानपणी बैलगाडीनं जायचे. दीक्षेनंतर नवस बंद. पण ते एकटे जात राहिले. "नवस सोडला. वरचा वारा सोडवत नाई. कोणी इचारलं त सांगतो, वारा खायले गेलतो."

टाइप करताना एक अडचण यायची. मी 'मले' लिहिलं की कीबोर्ड त्याचं 'मला' करायचा. 'गेलतो'चं 'गेलो'. 'काऊन'ला तर तो लाल रेघ ओढायचा. मी प्रत्येक शब्द मागं जाऊन परत आबाजींचा करायचे. एका पानाला तास लागायचा. माझी पोरगी शेजारी बसून होमवर्क करायची. तिला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. एकदा तिनं विचारलं, ही तुझ्या आजोबांची डायरी आहे का? मी म्हटलं, डायरी नाही. मग काय, ते मला तिला सांगता आलं नाही. 'एसे' म्हटलं तर ती शाळेतल्या निबंधाचं समजली. मी म्हटलं, हो, तसंच.

प्रत्येक लेखाच्या शेवटी समासात निळ्या शाईची एक बारीक खूण होती. 'प्र.', आणि खाली तारीख. बाबांची सही. त्यांचं नाव प्रभाकर. ऑफिसात आलेला कागद वाचला की त्यावर अशी सही करायची त्यांना सवय होती. बापाच्या वह्याही त्यांनी तशाच वाचल्या होत्या, एकेक लेख, सही करून. ते पाहून मला हसू यायला हवं होतं. मी ती खूण टाइप करायची की नाही यावर विचार करत बसले. शेवटी केली नाही.

बारावा लेख सुभद्राआत्यावर होता.

दोन पानं, पाठपोट. आत्याला सातवीनंतर शाळेतून काढलं, त्याबद्दल. आबाजींनी स्वतःच काढलं होतं. दीक्षा घेतलेल्या, तिशीनंतर अक्षरं शिकलेल्या माणसानं. घरात एकालाच शिकवणं होत होतं आणि त्यांनी मुलगा निवडला. त्यांनी ते कसं लिहिलं, कुठल्या शब्दांत, ते मी इथं सांगणार नाही. तो अधिकार माझा राहिला नाही. एवढंच सांगते की त्यात सबब नव्हती. बाकीच्या अकरा लेखांत ते कुठं ना कुठं विनोद करतात, त्यात एकही नव्हता.

ते टाइप करून झाल्यावर मी लॅपटॉप बंद केला आणि भांडी घासली.

आत्या हयात होती. ऐंशीला टेकलेली, पवनारला, मुला-सुनेसोबत. ती वाचू शकते, सातवी शिकलेली आहे. पण या वह्या तिनं कधी हातात घेतल्या नव्हत्या हे मला ठाऊक होतं. त्या कायम बाबांकडं होत्या. मी ठरवलं होतं की सगळं पुस्तकासारखं बांधून घरोघरी द्यायचं. ते द्यायचं तर तिला न विचारता देता येत नव्हतं. फोनवर विचारण्यासारखंही ते नव्हतं.

डिसेंबरात मी गेले. नितीन नागपूरला घ्यायला आला. मागच्या खोलीच्या जागी नुसते कॉलम उभे होते. बाबांची खुर्ची ओसरीवर होती, तिच्यावर नितीननं फवारणीचा पंप ठेवला होता. मला वाटलं आता तरी काही होईल. काही झालं नाही. मी पंप खाली ठेवला आणि खुर्चीवर बसून चहा प्यायले.

तिसऱ्या दिवशी वह्या घेऊन वर्ध्याला गेले, तिथून पवनारची बस. आत्याच्या घरची माणसं शेतात गेली होती. ती अंगणात चटईवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. मला पाहून उठली नाही, हातानंच बोलावलं.

"एकटीच आली का वं? पोरीले काऊन नाई आणलं?"

"शाळा हाये तिची."

"हो. शाळा बुडवाची नाई," ती म्हणाली आणि सूप माझ्याकडं सरकवलं. मीही सोलायला बसले.

जेवणं झाल्यावर मी वही काढली. सांगितलं की आबाजींनी हे लिहून ठेवलं होतं, आणि यात तिच्यावर दोन पानं आहेत.  तिनं चष्मा आणला, पदरानं पुसला, वही मांडीवर घेतली. बोट ठेवून वाचू लागली, ओठ हलत होते. फार वेळ लागला. शेवटपर्यंत गेली, मग पुन्हा पहिल्या ओळीवर आली आणि परत वाचलं. मी शेंगा सोलत होते. तिच्याकडं बघू नये असं वाटलं.

"कोणं कोणं वाचलं हे?" तिनं विचारलं.

"मी वाचलं. नितीननं फोटो काढले, पण वाचलं नाई म्हणते."

तिचं बोट समासात, त्या निळ्या खुणेवर होतं. "हे काय हाये?"

मी सांगितलं. बाबांची सही. वाचलं की करायचे.

तिनं ती तारीख नीट पाहिली. बाबांचं लग्न व्हायच्याही आधीची होती.

"म्हंजे परभाकरले इतली वर्ष ठाऊक होतं," ती म्हणाली. "सही केली. सांगतलं नाई."

एवढं बोलून तिनं वही मिटली, शेजारी ठेवली आणि पुन्हा शेंगा हातात घेतल्या. मी तिला विचारलं नाही की हे छापू का. तिनंही विषय काढला नाही. संध्याकाळी सून आली, मुलगा आला, माझ्या नोकरीच्या गोष्टी झाल्या, तिथं थंडी किती, भात भेटतो का. वही भिंतीतल्या देवळीत होती, तिच्याकडं कुणी पाहिलं नाही.

सकाळी चहा झाल्यावर आत्यानं मला हाक मारली. तिच्या हातात कात्री होती, वाकळ शिवायची.

"बाकीचं छाप," ती म्हणाली. "अकरा छाप. हे माह्यं हाये. हे मले पायजे."

"आत्या, झेरॉक्स काढून देते ना तुले."

"झेरॉक्स नोको. त्यानं ज्यावर लिवलं ते पायजे. आन् दुसऱ्या कोणाजोळ नोको."

मी काही तरी बोलणार होते. जतन करणं वगैरे. सहा महिने मी तेच तर करत होते, वाळवीपासून, कीबोर्डपासून एकेक शब्द वाचवत. पण ती कामाला लागलीही होती. दोन्ही पानं तिनं शिवणीपाशी बोटभर कड ठेवून कापली. "कड ठेवली नाई त पलीकडची पानंबी सुटतात," तिनं मला समजावून सांगितलं. पानं कपाटातल्या लुगड्यांच्या घडीत ठेवली. मग म्हणाली, "फोनात हाये?"

"हाये."

"काढ."

मी तिच्यासमोर फोटो काढून टाकले. लॅपटॉपवरचं टाइप केलेलं काढलं, क्लाउडमधलं काढलं. नितीनला फोन करून त्याच्या मोबाईलमधले चार फोटो काढायला लावले.  बारावा लेख आता जगात एकाच जागी आहे, पवनारला एका कपाटात. तुमच्यापैकी कुणी आत्याकडं गेलात तर तो मागू नका.

मी विचारलं, "मी कवा याच्यावर काही लिवलं तर चालंन का?"

"त्याचे शबद नोको. माह्ये सांग," ती म्हणाली. आणि पुन्हा शेंगा सोलायला बसून सांगितलं. तिनं सांगितलं ते असं.

सातवीला ती शाळेत पहिली आली. गुरुजी घरी आले होते, आबाजींनी त्यांना नाही म्हटलं. ती रडली नाही. दुसऱ्या दिवशी आईसोबत कापूस वेचायला गेली. प्रभाकर तेव्हा चौथीत. तो संध्याकाळी मोठ्यानं धडा वाचायचा आणि ही भाकरी करता करता ऐकायची. चुकला की चुलीपासूनच सांगायची. त्याची पाचवी तिनं अशी परत ऐकली, सहावी ऐकली, सातवी ऐकली. पुढं त्याची आठवी सुरू होणार, तिथून नवं काही कानावर पडलं असतं. "अन् त्याची सातवी झाली त्या उन्हाळ्यात माह्यं लगन झालं," आत्या म्हणाली. "म्हंजे पाय, मी दोनदा सातवीच शिकली."

ती हसली. मलाही हसायला आलं. सूप भरत आलं होतं.

मी म्हटलं, "आत्या, बाबा गेले तवा मले तिकीट भेटत होतं."

तिचे हात थांबले नाहीत. "मंग?"

"मी नाई घेतलं."

"काऊन?"

"ठाऊक नाई."

"बरं," ती म्हणाली.  दोन-तीन शेंगा सोलल्या. मग म्हणाली, "नितीनले सांगतलं?"

"नाई."

"सांगजो. तोंडानं सांग. माह्यावानी साठ वर्षानं कागदावर भेटू देऊ नोको त्याले."

दुपारच्या बसनं मी निघाले. तिनं सोललेल्या तुरीचे दाणे डब्यात भरून दिले. उठता उठता पाठीवर हात ठेवला, जरा जास्त वेळ ठेवला, एवढंच.

अल्लीपूरला पोचले तेव्हा नितीन ओसरीवर पंपाचं नोझल साफ करत होता. मी चपला काढायच्या आधीच सांगितलं. बसले असते तर सांगणं झालं नसतं. विमान होतं, जागा होती, सुट्टी दिली होती, मी आले नाही. तुला खोटं सांगितलं.

तो नोझलमध्ये तार घालत राहिला. मला वाटलं त्याला ऐकू गेलं नाही.

"मी थांबलो होतो," तो म्हणाला.

मी म्हटलं, "मी तर तुले थांबू नको म्हटलं होतं."

"हो. पण म्हटलं, एखांद्या बारी भेटतेबी तिकीट. दुसऱ्या दिवशी चार वाजेपर्यंत ठेवलं बाबाले. लोक म्हणे, काऊन थांबून राह्यला? म्हटलं, येऊन राह्यली असन. फोन कराले टाइम नसन भेटला." त्यानं नोझल उन्हाकडं धरून आरपार पाहिलं. "नागपूरची गाडी आली का मी फाट्यावर जाऊन पाहत होतो."

मी उभीच होते. हातात तुरीचा डबा. काही तरी म्हणायला हवं होतं, माफ कर वगैरे, पण ते शब्द आमच्या घरात कधी कुणी कुणाला वापरले नव्हते. नितीननं पंप भिंतीला टेकवून ठेवला. "पाणी तापलं हाये," म्हणाला. "आंघोळ करून घे."

मी आंघोळ केली.   बादलीतलं पाणी थंड झालं तरी मी मोरीत तांब्या धरून बसले होते. बाहेरून नितीननं दोनदा विचारलं, "साबण हाये नं?" मी दोन्ही वेळा हो म्हटलं.

मी परत आले त्यानंतर दोन महिने त्याचा फोन आला नाही. मी रविवारी करायचे, तो उचलायचा, पाऊसपाण्याचं बोलायचा. स्वतःहून केला तो स्लॅब टाकून झाला तेव्हा. आणि त्याच फोनवर म्हणाला की हिंगणघाटला बाइंडिंगवाल्याशी बोललो आहे, अकरा लेखांची पुस्तकं बांधून घेतो, घरोघरी मीच पोचवतो. "शेवटी तूबी लिव काही," म्हणाला. "त्यात तेबी लिवजो. तिकिटाचं."

"सगळे वाचतील, नितीन."

"वाचू दे. नाई त मंग आबाजीचं कायले छापून राह्यलो?"

म्हणून हे. आबाजींच्या अकरा लेखांनंतर माझं. तुमच्या हातात ही प्रत येईल तेव्हा बाराव्या लेखाच्या जागी दोन पानं कोरी दिसतील. ती छपाईची चूक नाही, मी तशी ठेवायला सांगितली.

इथं परवा आमच्याकडं एक म्हातारा वारला. मुलगा परदेशात होता, त्याला यायला दोन दिवस लागणार होते. मी खिडकी उघडली, वेळ लिहिली, फोन लावला. पलीकडून त्यानं विचारलं, थांबता येईल का? मी म्हटलं, हो, येईल. मग त्या खोलीत बराच वेळ उभी राहिले.

बारा वर्षं लोक मला विचारत आले, तुझं घर कुठलं. इथले विचारतात, तिथले विचारतात. मी कधी खाडीचं नाव सांगायचे, कधी अल्लीपूर, जशी वेळ येईल तसं. आता विचारलं तर मला एकच सुचतं. जिथं दुपारी चारपर्यंत माझी वाट पाहिली, आणि मी गेले नाही, ते माझं घर.